बँक्सिया लावताना या चुका टाळा

गुलाबाच्या खड्ड्यात शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा घालण्याची सवय आपल्या हाताला असते, आणि सिडनीत बँक्सिया हे ऑस्ट्रेलियाचे देशी झाड लावणाऱ्या मराठी घरांतून पहिली चूक तिथेच होते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी १७७० मध्ये सिडनीजवळच्या बॉटनी बे येथून ज्या झुडपांचे नमुने नेले, ती तिथल्या वाळूमिश्रित, स्फुरद (फॉस्फरस) अत्यंत कमी असलेल्या जमिनीत वाढलेली होती. अशा जमिनीतून कणाकणाने स्फुरद शोषण्यासाठी बँक्सियाला ब्रशसारखी दाट, बारीक मुळे येतात. हाडांच्या चुऱ्यातून किंवा शेणखतातून आयते स्फुरद मिळाले की ती प्रमाणाबाहेर शोषतात आणि झाडाला विषबाधा होते.

याची खूण फसवी असते. कोवळ्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, जुन्या पानांच्या कडा जळल्यासारख्या काळपट होतात. हे पाहून झाड उपाशी आहे असे वाटते आणि आपण आणखी खत घालतो. माझे पहिले झाड असेच गेले, आणि त्याची हळहळ आजही वाटते. अशा वेळी खत तत्काळ थांबवावे आणि मातीवर दिसणारे खताचे दाणे हाताने वेचून काढावेत. पुढे खत द्यायचेच, तर ऑस्ट्रेलियाच्या देशी झाडांसाठी मिळणारे कमी स्फुरदाचे खतच अगदी थोडे द्यावे.

माती ओली असूनही झाड माना टाकत असेल, तर पाणी वाढवू नये. बहुधा फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने मुळे कुजलेली असतात. चिकण मातीत उंचवटा करूनच रोप लावावे. मुळांशी खुरपणी नको.

छाटणीपूर्वी जात ओळखावी. बँक्सिया सेराटा जुन्या खोडातून पुन्हा फुटते. केशरी कणसांची (कणसासारख्या फुलोऱ्यांची) बँक्सिया एरिसिफोलिया मात्र पाने नसलेल्या लाकडापर्यंत कापली, तर सहसा फुटत नाही. तिची छाटणी बहर ओसरल्यावर, हिरव्या पानांच्या भागातच करावी.

ऑस्ट्रेलियातले आदिवासी समाज बँक्सियाची ही कणसे पाण्यात भिजवून गोड पेय करत आले आहेत. ते करून पाहायचे असेल, तर मधाने ओथंबलेली ताजी, फवारणी न झालेली कणसे सकाळीच घ्यावीत. सुकलेल्या कणसांत गोडवा उरत नाही. ती आपल्याच बागेतली असावीत, कारण राष्ट्रीय उद्यानांत फुले तोडण्यास मनाई आहे, आणि निम्मी तरी हनीईटर पक्ष्यांसाठी झाडावर राहू द्यावीत.