विद्यार्थ्यांना संदर्भ द्यायला शिकवताना या चुका टाळा

लघुप्रबंधाचे दिवस आले की एम. ए.च्या वर्गातून हमखास प्रश्न येतो, "सर, वर्षानंतर स्वल्पविराम की पूर्णविराम?" आपणही मग एपीए, एमएलए या संदर्भशैली, आडनाव आधी की नाव आधी, यातच तास घालवतो. ते नमुना समोर ठेवला की जमतं. खरी गडबड आधीच, टिपणं काढताना झालेली असते.

सर्रास आढळणारी चूक म्हणजे न पाहिलेल्या पुस्तकाचा संदर्भ. समजा, 'गुलामगिरी'तलं एखादं वाक्य विद्यार्थ्याने समीक्षाग्रंथात वाचलं. तळटीप पडते: फुले, 1873, पृ. 140. वर्ष पहिल्या आवृत्तीचं, पान मात्र समीक्षकाने वापरलेल्या 'समग्र वाङ्मया'चं! त्यातही कीर-मालशे यांनी संपादित केलेली 1969ची आवृत्ती वेगळी, य. दि. फडके यांची 1991ची वेगळी. परीक्षकाने पान उघडलं आणि वाक्य सापडलं नाही, की बाकीच्या तळटीपाही संशयात. ग्रंथालयातून 'समग्र' काढून वाक्य ताडून पाहायला लावा आणि हाती असलेलीच आवृत्ती नोंदवायला सांगा: फुले, 1873/1991. ते शक्य नसेल तर सरळ 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असं लिहू द्या. मुलांना त्यात कमीपणा वाटतो, कारण 'मूळ ग्रंथच वाचा' असा दम आपणच भरलेला असतो.

शब्द फिरवले की संदर्भ नको, हाही पक्का गैरसमज. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबाबतच्या 2018च्या नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून 'नऊ टक्के आले, सुटलो!' साम्य तपासणारं सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. उचललेला मुद्दा त्याला बहुधा दिसत नाही, मार्गदर्शकाला दिसायला हवा. रीतसर संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर या टक्क्यांत धरायचा नसतो, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही. मग ती चांगली अवतरणं मोडूनतोडून लिहितात.

विश्वकोशाच्या नोंदीखाली बहुधा लेखकाचं नाव असतं, तेही टिपायला सांगा. चॅटबॉटने सुचवलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत सापडेपर्यंत नाहीच असं धरा.

आणि पहिल्या खर्ड्यात 'तत्रैव' (म्हणजे आधीच्या तळटीपेतलाच ग्रंथ) वापरू देऊ नका. मध्ये एक नवी तळटीप घुसली की ते भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतं. आडनाव आणि पान लिहू द्या. 'तत्रैव' शेवटच्या वाचनात घालता येतं.