करंट अफेअर्स संपतच नाही म्हणणाऱ्यांसाठी (नोकरी सांभाळून एमपीएससी, यूपीएससी करणारे खास)

पहिलंच सांगून टाकतो, "करंट संपतच नाही यार" ही तक्रार जवळपास सगळ्यांची असते आणि ती खरीच आहे, बातम्या रोज येणार, त्या कशाला संपतील. तुमचं काम त्यातलं बहुतेक सगळं सोडून देणं हे आहे. कुठली बातमी सोडायची हे ज्याला पटकन कळतं त्याचं रोजचं वर्तमानपत्र पाऊण तासात आटपतं, आणि ज्याला कळत नाही तो सकाळी सहापासून अग्रलेखाखाली तीन रंगांच्या पेनांनी रेघा मारत बसतो आणि संध्याकाळी काय वाचलंस विचारलं की "बरंच काही होतं" एवढंच सांगतो.

मग सोडायचं कसं ठरवणार? तर आयोगाला विचारून. म्हणजे वर्तमानपत्र लावायच्या आधी जुन्या प्रश्नपत्रिका काढा, दोन्ही आयोगांच्या साइटवर फुकट आहेत, मागच्या तीन-चार वर्षांचे जीएसचे (सामान्य अध्ययनाचे) पेपर घ्या आणि फक्त चालू घडामोडींचे प्रश्न वाचा. सोडवायचे नाहीत, नुसते वाचायचे, की बाबा ह्यांनी बातमीतलं नेमकं काय उचललंय. अभ्यासक्रमात करंटला एकच ओळ आहे, यूपीएससीत राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या घडामोडी, एमपीएससीत त्याला राज्य जोडलंय, संपलं. त्या एका ओळीतून काही कळत नाही, प्रश्नांतून कळतं. एक फरक लगेच दिसेल, एमपीएससी बऱ्याचदा सरळ माहिती विचारते, कोण, कुठे, कधी, कितवा, आणि यूपीएससी बातमीचं बोट धरून मागचा विषय विचारते, बातमी स्वतः प्रश्नात असेलच असं नाही. दोन्ही देणाऱ्यांनी दोन वेगळ्या वह्या करायच्या भानगडीत पडू नका, एकाच पानावर दोन्ही बसतं. कसं ते उदाहरणाने सांगतो, कारण "सिलॅबसशी जोडून वाचा" हे सगळेच सांगतात आणि जोडायचं म्हणजे काय करायचं ते कोणी करून दाखवत नाही.

रेपो रेट घ्या, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकी बँकांना ज्या दराने कर्ज देते तो. जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो 6 वरून 5.50 टक्क्यांवर आणला, सीआरआर (बँकांनी ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा तो) पण 4 वरून 3 टक्के करणार म्हणाले, तेही एकदम नाही, चार हप्त्यांत. पेपरात त्या दिवशी पानभर मजकूर होता, होम लोनचा हप्ता किती कमी होणार, बिल्डर खूश, शेअर बाजार वर. ते सगळं सोडा. हप्ता किती कमी झाला ते घरचे सांगतीलच. तुमच्या पानावर काय यायला पाहिजे तर हा निर्णय घेतं कोण, पतधोरण समिती, सहा सदस्य, तीन बँकेचे आणि तीन केंद्र सरकारने नेमलेले, गव्हर्नर अध्यक्ष, मतं समसमान पडली तर त्यांचं निर्णायक मत, कोरम (बैठकीला लागणारी किमान हजेरी) चारचा. ही समिती आली 2016 मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती करून. महागाईचं लक्ष्य 4 टक्के, दोन वर दोन खाली चालतं, हे लक्ष्य ठरवतं केंद्र सरकार, बँकेशी सल्लामसलत करून, दर पाच वर्षांनी. सलग तीन तिमाही महागाई ह्या पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची. आणि मोजायचं सीपीआयने (ग्राहक किंमत निर्देशांक), जो सांख्यिकी मंत्रालयाकडून येतो, डब्ल्यूपीआय (घाऊक किंमत निर्देशांक) मात्र वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाकडून. आता बघा, ह्यातलं बातमीत होतं किती? दोन आकडे. बाकीचं सगळं अर्थशास्त्राच्या पुस्तकात होतं, तुम्ही फक्त त्या दिवशी ते पान उघडलंत. आणि गंमत म्हणजे पुढच्या वेळी रेपो बदलला की ह्या पानावर फक्त एक तारीख आणि एक आकडा वाढवायचा, नवीन नोट काढायची गरजच नाही. समितीची बैठक साधारण दोन महिन्यांनी असते, म्हणजे वर्षभरात हे पान पाच-सहा वेळा डोळ्याखालून जातं, वेगळी रिव्हिजन करावी लागत नाही.

म्हणून वही नको, सुटे ए-फोर कागद आणि पंच फाइल घ्या. वहीत तारखेप्रमाणे लिहिलं की एकच विषय दहा ठिकाणी विखुरतो आणि परीक्षेआधी तो गोळा कोण करणार. एक विषय एक कागद, वर कोपऱ्यात राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान, आंतरराष्ट्रीय, महाराष्ट्र यातलं काय ते लिहायचं. एखादी बातमी कुठल्याच कागदावर बसत नसेल आणि नवीन कागद काढावा इतकी मोठी पण वाटत नसेल तर ती सोडायची, इतका साधा हिशोब आहे.

राजकारणाच्या बातम्या हा सगळ्यात मोठा वेळखाऊ प्रकार, आणि आपल्या महाराष्ट्रात तर विचारूच नका, वेबसिरीज झक मारेल. कोण कुणाला काय म्हणाला, कोण नाराज, कोण कुठल्या हॉटेलात, हे चहाच्या टपरीवर ऐका, कागदावर नको. पण 2022 च्या सत्तांतराचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, 11 मे 2023, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, तो मात्र पूर्ण पाहिजे. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीचं सरकार परत आणता येत नाही, व्हिप (आमदारांना मतदानाचा आदेश देणारा प्रतोद) नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि नबाम रेबिया प्रकरणातला मुद्दा (स्वतःला हटवण्याची नोटीस असताना अध्यक्ष आमदारांची अपात्रता ठरवू शकतो का) सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे. त्याच कागदावर खाली दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, 1985 ची 52 वी घटनादुरुस्ती, 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची सवलत गेली, दोन-तृतीयांश आमदारांच्या संमतीने विलीनीकरणाची सवलत राहिली. महिनोन्महिने चाललेल्या ड्राम्यातून परीक्षेचं एवढंच निघालं, एक कागद पाठपोट.

राज्याच्या बातम्यांकडे यूपीएससीवाले ढुंकून बघत नाहीत आणि एमपीएससीवाले फक्त योजना पाठ करतात, दोन्ही अर्धवट. जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या बैठकीत मराठा लष्करी भूप्रदेश जागतिक वारसा यादीत गेले, व्हॉट्सअॅपला स्टेटस सगळ्यांनी ठेवलं. आता कागद काढा. 12 किल्ले, 11 महाराष्ट्रातले आणि एक जिंजी, तामिळनाडूत. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. ह्यातले बेटावरचे कुठले? खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. विजयदुर्ग किनाऱ्यावरचा. राज्य पुरातत्त्व खात्याकडे साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड, बाकीचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. "खालीलपैकी कोणता किल्ला यात नाही" म्हणून एखादा सिंहगड घुसवला की किती जण आपटतील विचार करा, कारण भावनेने सिंहगड असायलाच पाहिजे असं वाटतं, पण नाही. आणि कागद निघालाच आहे तर आपली मुंबई पण टाका, घारापुरी 1987, सीएसएमटी 2004, व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती 2018. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला एक शैली, दुसऱ्या बाजूला दुसरी, चर्चगेटला उतरणाऱ्यांनी एकदा मधे उभं राहून बघा, परत पाठ करायला लागणार नाही.

मुंबईत राहून अभ्यास करायचा हा एक फायदा आहे खरंतर, अर्धं करंट डोळ्यासमोर असतं. हार्बरने मानखुर्दवरून वाशीला जाताना जी खाडी लागते ती ठाणे खाडी, 2022 मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, याआधी नांदूर मध्यमेश्वर (नोंद 2019 ची, जाहीर 2020 मध्ये) आणि 2020 मध्ये लोणार. रामसर हे इराणमधलं शहर, करार 1971 चा, 2 फेब्रुवारी पाणथळ दिवस, धोक्यातल्या स्थळांचं माँत्रो रेकॉर्ड आणि त्यात भारतातली केवलादेव आणि लोकटक. फ्लेमिंगोचा फोटो काढून झाला की हे पण बघून घ्या.

आता काय वाचायचं. एक मराठी पेपर, लोकसत्ता किंवा मटा, आणि यूपीएससी देत असाल तर हिंदू किंवा इंडियन एक्सप्रेस यातला एक. एकच. चार पेपर वाचून चौपट मार्क पडत नाहीत. सरकारी निर्णयासाठी पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय), मराठीतही येतं, पण रोजची सगळी पत्रकं वाचू नका, पेपरात दिसलेल्या निर्णयाचे नेमके आकडे आणि मंत्रालय तपासायला ते वापरा. विधेयक आलं की पीआरएस ह्या कायद्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा सारांश बघा. लोकराज्य आणि योजना ही सरकारी मासिकं चाळा, अख्खं वाचायची सक्ती नाही. महिन्याचं मासिक कुठलंही एक, आणि ते पेपरला पर्याय म्हणून नाही तर आपलं काय निसटलं ते बघायला. टेलिग्रामवर पीडीएफ जमवणं हा वेगळाच छंद आहे, तो परीक्षेत विचारत नाहीत.

एक गोष्ट मात्र पूर्ण वाचा म्हणेन, महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, राज्याच्या अर्थसंकल्पाच्या आधी सभागृहात मांडतात, मराठीत उपलब्ध असते. जाडजूड बघून मुलं घाबरतात आणि कोणाचीतरी चार पानांची नोट पाठ करतात. पहिला सारांशाचा भाग आणि शेती, उद्योग, सामाजिक क्षेत्र एवढी प्रकरणं स्वतः वाचा, आकडे मोजके उचला. केंद्राची पाहणी साधारण जानेवारीअखेरीस आणि बजेट 1 फेब्रुवारीला, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च हे दोन महिने अर्थव्यवस्थेलाच द्यायचे असं आधीच ठरवून टाका.

पुरस्कार, नेमणुका, खेळ, निर्देशांक यांच्यावर रोज वेळ घालवू नका, महिन्यातून एकदा बसून एका कागदावर उतरवा. भारतरत्न, पद्म, ज्ञानपीठ, दादासाहेब फाळके, महाराष्ट्र भूषण, नोबेल एवढे पुरेत. निर्देशांकात भारत कितवा यापेक्षा तो काढतं कोण हे आधी लिहा, क्रमांक दरवर्षी बदलतो, संस्था तीच राहते.

नोकरीवाल्यांच्या वेळेचं बोलू. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याला ट्रेनमध्ये पेपर वाचा म्हणून सल्ला देणारा माणूस बहुतेक कधी त्या डब्यात चढलाच नसावा, तिथे हात वर केला तर खाली घ्यायला जागा नसते. पेपर घरी, निघायच्या आधी, पाऊण तास, त्यात फक्त बातम्यांवर खुणा. ट्रेनमध्ये कानात आकाशवाणीच्या बातम्या, मराठी बुलेटिन छोटं असतं, कुर्ला यायच्या आत संपतं. येताना बसायला मिळालं तर मोबाइलवर प्रश्न सोडवा, नाही मिळालं तर डोळे मिटा, तेही लागतं. कागद रात्री लिहा, खुणा केलेल्यापैकी दोन किंवा तीनच. रात्री बघताना सकाळची निम्मी खूण फालतू वाटते, वाटू द्या, खोडून टाका. रविवारी अभ्यासिकेत दोन तास, नवीन काही नाही, आठवड्याचे कागद बघायचे आणि कागद उलटा ठेवून त्यातलं काय आठवतं ते बोलायचं, मित्र असेल तर एकमेकांना विचारायचं.

राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीय, त्यामुळे हेच कागद उत्तरात वापरता यायला हवेत. समजा शहरी वाहतुकीवर प्रश्न आला. मुंबईच्या मेट्रो 3 चा कागद असेल तर केंद्र आणि राज्याची निम्मी-निम्मी भागीदारी, जपानच्या जायका ह्या सरकारी मदत संस्थेचं कर्ज, साडेतेहतीस किलोमीटर भुयारी, आरे कारशेडचा वाद, ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण, एवढ्यातून निधी, पर्यावरण, दिरंगाई असे तीन मुद्दे उभे राहतात. "वाहतूक ही शहराची जीवनवाहिनी आहे" वगैरे लिहून तपासणारा खूश होत नाही. आठवड्याला एक उत्तर लिहा, कागद समोर न ठेवता.

पूर्वपरीक्षेच्या आधी बातम्यांत किती मागे जायचं तर साधारण एक वर्ष, मोठे निकाल, कायदे, करार असतील तर दीड. शेवटचे तीन-चार आठवडे पेपर पूर्ण बंद केलात तरी चालेल, प्रश्नपत्रिका आधीच तयार झालेली असते, काल काय झालं ते त्यात येणार नाही. त्या दिवसांत फक्त फाइल. आणि हॉलमध्ये करंटचा प्रश्न अजिबातच ओळखीचा नसेल तर उगाच गोल काळा करू नका, एमपीएससीत चुकीला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव भाग जातो, यूपीएससीत एक-तृतीयांश, दोन पर्याय नक्की कटत असतील तरच हात लावा.