मागची डिस्क निघता निघेना
पावसाळाभर गाडी मनीषनगरात उघड्यावर उभी, मागच्या चाकाची ब्रेकची डिस्क गंजून हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) अशी चिकटली का कॅलिपर (डिस्क दाबणारा ब्रेकचा भाग), त्याचं ब्रॅकेट, बारका स्क्रू सगळं काढलं तरी जागची हलेना. अर्धा तास हातोडा ठोकला, वरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अरे, लेकरू झोपलं आहे!" मग लक्षात आलं, हँडब्रेक ओढलेलाच होता ना बे! आतले हँडब्रेकचे शू (ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) डिस्कला धरून बसले होते. पुढच्या चाकांना विटा लावून तो सोडला, रबरी बूच काढून शू मागे-पुढे करणाऱ्या ॲडजस्टरची चाकी पेचकसनं ढिली केली. डिस्कवर आटेवाली दोन भोकं होती, त्यात इतवारीतून आणलेले ८ एमएमचे बोल्ट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा पिळत गेलो, बोल्टांनी हबला रेटलं अन् डिस्क टण्णकन सुटली. हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून मगच नवीन डिस्क बसवली.