कोरोनरी फिस्टुला कॅथेटरने बंद करताना : पालकांनी घ्यायची काळजी

अंगणवाडी किंवा शाळेतील तपासणीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलाच्या छातीत सतत चालणारा मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू आला आणि इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) कोरोनरी फिस्टुला निघाली, तरी घाबरून जाऊ नये. यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी (कोरोनरी) जन्मतःच हृदयाच्या एखाद्या कप्प्यात किंवा फुफ्फुसाच्या धमनीत उघडते, त्यामुळे रक्त हृदयाच्या स्नायूला न मिळता आडमार्गाने निघून जाते. लहान, त्रास न देणारी फिस्टुला बहुधा केवळ नजरेखाली ठेवतात.

मोठी असेल तर सीटी किंवा कॅथेटर (बारीक नळी) अँजिओग्राफीतून, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या चित्रांतून, तिचा मार्ग कसा आहे हे पाहूनच निर्णय होतो. ती फार वेडीवाकडी असेल किंवा अनेक ठिकाणी उघडत असेल, तर शस्त्रक्रिया सरस ठरते; डावी कोरोनरी फुफ्फुसाच्या धमनीतूनच निघत असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. म्हणून ‘बिनाऑपरेशन होईल का?’ एवढेच न विचारता, ‘आमच्या मुलाच्या धमनीला काय योग्य?’ असे विचारावे.

उपचारासाठी नागपूरसारख्या शहरात निघण्यापूर्वी रेशनकार्ड, आधार आणि जुने सर्व रिपोर्ट सोबत घ्यावेत, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच कळून घ्यावे.

मुलाला भूल देऊन जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. पुष्कळदा आधी फुग्याने वाट तात्पुरती अडवून ईसीजी बदलतो का ते पाहतात, आणि मग फिस्टुला बंद करणारी कॉइल (तारेचे वेटोळे) किंवा प्लग (बूच) आत सोडतात. नंतर काही तास पाय सरळ ठेवावा लागतो. या वेळी दोन्ही पावलांना हात लावून पाहावा : एक पाऊल थंड किंवा फिकट वाटले तर लगेच नर्सला सांगावे. जांघेतून रक्त आले तर मूल आडवे ठेवून, त्या जागी बोटांनी घट्ट दाबून धरून मदत बोलवावी.

खरी कसोटी गावी परतल्यावर लागते. फिस्टुला बंद झाल्यावरही तिच्याकडे जाणारी धमनी फुगलेलीच राहिल्यास तिच्यात रक्ताची गुठळी होऊ शकते. त्यासाठी दिलेली ऍस्पिरिन बरे वाटते म्हणून बंद करू नये. गडचिरोलीकडे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता तुटतो, तेव्हा गोळ्या आधीच आणून ठेवाव्यात. मुलाला ताप किंवा कांजिण्या आल्या तर मेडिकलमधून परस्पर औषध न आणता ऍस्पिरिन चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे. पहिल्या सहा महिन्यांत दात काढायचा झाल्यास दंतवैद्याला कॉइलची कल्पना द्यावी, म्हणजे जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आधी अँटिबायोटिक देता येते.