जांबोरीला काय केलंस? पाणी वाटलं!

कोरियाहून परत आल्यावर आत्याने विचारलं, "बारा दिवस तिकडे नक्की केलंस काय?" मी खरं ते सांगितलं, पाणी वाटलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. एवढे पैसे घालून, विमानात बसून, पाणी वाटायला?

हो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात सेमांगमला पंचविसावी जागतिक स्काउट जांबोरी, म्हणजे जगभरच्या स्काउट-गाईडांचा मेळावा, झाली, तिथे मी आयएसटीत होते. आयएसटी म्हणजे आंतरराष्ट्रीय सेवा पथक. पुढची जांबोरी २०२७ च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये, ग्दान्स्कला आहे. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या रोव्हर-रेंजर (म्हणजे मोठ्या वयाचे स्काउट-गाईड) पोरापोरींचे फोन सुरू झालेत. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी हे समजून घ्या, की जांबोरी तुमच्यासाठी नाही. ती १४ ते १७ वर्षांच्या मुलांची. अठरा पूर्ण झाली की तुम्ही पाहुणे नाही, यजमानाच्या बाजूचे. लग्नात वाढप्यांची जी जागा असते ना, ती तुमची. जेवण मिळतं, मजा येते, पण पंगत उठल्यावर. आणि या वाढप्याला फी भरावी लागते! सेवा करायची आणि वर पैसे आपणच द्यायचे, हे ऐकून आमच्या पप्पांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं होतं. फी, विमान, व्हिसा, विमा सगळं आपलं. मला निम्मे पैसे घरून मिळाले, थोडे मामाने दिले, उरलेले दोन वर्षं शिकवण्या घेऊन जमवले. नुसतं सहभागी व्हायची हौस असेल तर १८ ते २५ वयोगटासाठी वर्ल्ड स्काउट मूट वेगळा भरतो, २०२५ चा पोर्तुगालमध्ये झाला. पुढच्याची वाट बघा. पण काम आवडत असेल तर आयएसटीच बरी, हे माझं मत.

अर्ज थेट करता येत नाही. तो भारत स्काउट्स आणि गाईड्सकडूनच जातो, म्हणजे युनिट, जिल्हा, राज्य आणि मग दिल्ली. तुमची नोंदणी चालू पाहिजे, लीडरची शिफारस पाहिजे. कागद कुठेतरी टेबलावर झोपतात. माझा एके ठिकाणी तीन आठवडे झोपला होता. भांडू नका. दर चार दिवसांनी जाऊन समोर उभं राहायचं, नमस्कार करायचा, पुन्हा विचारायचं. जायच्या आधी सेफ फ्रॉम हार्म नावाचं, मुलांच्या सुरक्षिततेचं ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं असतं. लोक ते चहा पिता पिता उरकतात. तसं करू नका. लहान मुलाबरोबर बंद जागेत एकटं राहायचं नाही, त्याच्या तंबूत जायचं नाही, त्याने काही गंभीर सांगितलं तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. हे तिथे रोज लागतं.

आता नावाची गोष्ट, कारण हा घोळ आपल्याच लोकांचा होतो. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. रात्री अकरा वाजता मोबाइलवर फॉर्म भरताना मी त्याच क्रमाने तीन रकाने भरत गेले. तिसरा रकाना 'कार्डावर छापायचं नाव' असा होता, हे मला सेमांगमला पोहोचल्यावर कळलं. गळ्यातल्या कार्डावर ठळक अक्षरात: अशोक. बदलून घ्यायला रांग एवढी मोठी, की मी नाद सोडला. बारा दिवस मी अशोक होते. पासपोर्ट समोर ठेवून फॉर्म भरा आणि सबमिट करायच्या आधी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावा.

सेमांगम म्हणजे समुद्र हटवून केलेली सपाट जमीन. झाड नावाला नाही. आधी पाऊस होऊन गेलेला, त्यामुळे पाणी साचलेलं. तंबूखाली घालायला प्लॅस्टिकचे जाळीदार पाट दिले होते, मालवाहू ट्रकमध्ये असतात तसे. त्यावर तंबू ठेवला तरी खुंटी चिखलातच ठोकायची, आणि ती ओढली की हातात यायची. आमच्या शेजारचे तिघे खुंट्या आणखी खोल ठोकत बसले होते. मी दोर पाटाच्याच जाळीतून ओवून बांधला. मग फिनलंडची एकजण आली, "अशोक, मलाही दाखव." त्या संध्याकाळी अकरा तंबू बांधले. आपल्याकडच्या शिबिरात भर पावसात तंबू लावताना शिव्या घातलेल्या असतात ना मनातल्या मनात, ते सगळं तिथे कामी आलं. मोडकं इंग्रजी कोणाच्या लक्षातही आलं नाही. जांबोरीच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, पण गाठ बांधून दाखवायला भाषा लागत नाही. तरी बोलायची भीती फारच असेल तर ऑक्टोबरमधल्या जोटा-जोटीला, म्हणजे रेडिओ आणि इंटरनेटवरच्या जांबोरीला बसा, घरबसल्या परदेशी स्काउट-गाईडांशी बोलता येतं. नाहीतर पुण्यात आळंदी रोडवर 'संगम' आहेच. गर्ल गाईड्सच्या जागतिक केंद्रांपैकी एक, १९६६ पासून. तिथे परदेशी मुली येऊन राहतात. पासपोर्ट न काढता परदेश बघायचा तर तिथे काही दिवस स्वयंसेवा मिळते का, ते विचारा.

काम आपण निवडू तेच मिळेल असं नाही. मी अर्जात 'संस्कृती कार्यक्रम' लिहिलं होतं, लावणीची तयारीसुद्धा करून गेले होते. मिळाला पाण्याचा स्टॉल. माझ्याबरोबर चिलीचे एक साठीचे गृहस्थ होते. आयएसटीला खालची वयोमर्यादा असते, वरची नाही. काका मला रोज पहाटे उठवायचे.

आणि तिथे ऊन म्हणजे विदर्भातलं मे महिन्याचं कोरडं ऊन नव्हे. पारा पस्तिशीच्या आसपास, पण दमट. घाम वाळतच नाही. सुमारे ४३,००० लोक त्या उघड्या माळावर. २ ऑगस्टच्या उद्घाटनाच्या रात्रीच शंभराहून जास्त जणांना उन्हाचा त्रास झाला. मुलं पाणी मागत नाहीत, हे मला तिथे कळलं. रांगेत उभं राहायचा कंटाळा येतो, मग डोकं दुखायला लागतं, मग एकदम खाली बसतात. म्हणून आम्ही स्टॉल सोडून बाटल्या घेऊन फिरायला लागलो. मी माझा स्कार्फ भिजवून मानेला गुंडाळला होता. त्याचा रंग सुटला आणि पांढऱ्या टी-शर्टला असा लागला की आजतागायत निघाला नाही. सांगायचा मुद्दा, स्कार्फ जायच्या आधीच धुऊन न्या. ओआरएसची पाकिटं भरपूर न्या. बूट मात्र आधी महिनाभर घालून पायाला रुळलेले असू द्यात. शाकाहारी असाल तर मेतकूट, चटणी असलं काही जवळ असावं, पण त्या देशाचे कस्टमचे नियम वाचूनच. बॅज अदलाबदलीसाठी किती न्यावेत असं सगळे विचारतात. मी शंभर नेले होते, पाचव्या दिवशी संपले. तुमची गोष्ट.

ब्रिटन आणि अमेरिकेची पथकं उन्हामुळे आधीच बाहेर पडली. मग खानून वादळ यायला लागलं आणि ८ तारखेला अख्खा तळच हलवायचं ठरलं. सुमारे ३७,००० माणसं, हजारावर बस. मला एका बसच्या दारात उभं केलं. यादीत ३८. मी मोजले ३९. पुन्हा मोजले, ३९. ड्रायव्हर घड्याळ दाखवतोय, मागे बसची रांग, मला घाम फुटलेला. एखादं चुकीच्या देशाचं पोर तर चढलं नाही? तिसऱ्यांदा चिलीवाल्या काकांनी मोजलं, ३८. मी दर वेळी स्वतःला धरत होते. काकांनी माझ्या कार्डाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "अशोक यादीत नाही."

पुढचे तीन दिवस एका वसतिगृहात गेले. पंखा होता, भिंती होत्या, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना चिखलातल्या तळाची आठवण येत होती. ११ तारखेला सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियममध्ये समारोप आणि के-पॉपचा कार्यक्रम झाला. माझी लावणी राहिलीच. ती नंतर वसतिगृहाच्या गच्चीवर, मोबाइलच्या स्पीकरवर, सतरा जणांसमोर केली. शिट्या मात्र फिनलंडवालीने अस्सल मारल्या.

परत येताना वजनाच्या भीतीने तंबूतली चटई सोडून आले, त्याची अजून हळहळ वाटते. कागद मात्र एकही टाकू नका. सहभागाचं प्रमाणपत्र, विम्याची प्रत, बोर्डिंग पास सगळं. नंतर कॉलेजला हजेरीच्या सवलतीसाठी हे मागतात, आणि मूळ प्रत मागतात.

त्या वर्षी नाताळात आमच्या गावच्या पोस्टमननी पप्पांना हाक मारून एक कार्ड दिलं. बर्फातलं लाल घर, फिनलंडचा शिक्का, नाव अशोक जाधव. पप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं, इंग्रजीत लिहिलेलं अडखळत वाचलं: 'माझा तंबू अजून उभा आहे.' मग टीव्हीच्या वर, गणपतीच्या फोटोशेजारी टेकवून ठेवलं. कोणी पाहुणा आला की सांगतात, मला आलंय.