विमा समजावताना रुपयांत बोला

मिरजेला दवाखान्यात न्यायची वेळ येण्याआधीच घरच्या थोरल्यांना आरोग्य विम्याची पॉलिसी समजावून ठेवा. ‘खोलीभाड्याला मर्यादा आहे’ म्हटलं की आण्णा मान डोलावतात, पण कळलेलं नसतं. वहीत लिहूनच दाखवा: विमा ३ लाखांचा, खोलीभाडं रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. ६,००० ची खोली घेतली, तर बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात, निम्माच हातात येतो. इथंच माणसं फसतात, फार वाईट वाटतं. मग त्यांनाच विचारा, ‘आण्णा, आता तुम्ही सांगा, कुठली खोली घ्यायची?’ आरोग्य विम्याचं माहितीपत्रक मराठीत मागता येतं, ते कंपनीकडून मागून घ्याच.