जुन्या गाडीतली खडखड कशी शोधायची

गॅरेजमध्ये नेली की गाडी गप्प, आणि घरी परतताना पहिल्याच गतिरोधकावर पुन्हा खडखड. मिस्त्री एक चक्कर मारून येतो आणि ‘जुनी झाली साहेब’ म्हणतो, नाहीतर अंदाजाने दोन पार्ट बदलतो. आमच्या १४ वर्षांच्या छोट्या गाडीचे दोन्ही लिंक रॉड (सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांड्या) असेच बदलून झाले. खडखड होती तशीच राहिली.

तेव्हापासून मी आवाज कुठून येतो हे आधी विचारत नाही, तो कधी येतो ते विचारतो. पत्र्याच्या डब्यात आवाज फिरतो. पुढचा मागून ऐकू येतो, खालचा डॅशबोर्डमधून. दिशेच्या बाबतीत कान फसतो, वेळेच्या बाबतीत सहसा नाही.

आधी गाडी रिकामी करा. जॅक, पाना, दाराच्या खणातली नाणी, सीटखाली गडगडत गेलेली बाटली, सगळं बाहेर. स्टेपनी हाताने हलवून बघा, बोल्ट सैल असेल तर आवळा. नंबर प्लेटवर टिचकी मारा. टायरच्या खाचा बघा. अडकलेला खडा टिकटिक करतो आणि वेगाबरोबर टिकटिकही वाढते. खडा उचकटून काढा. खडा नसून खिळा असेल तर मात्र हात लावू नका, तसेच पंक्चरवाल्याकडे जा.

मग गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून इंजिन चालू करा आणि हळूहळू रेस द्या. उभ्या गाडीत आवाज आला तर चाकं आणि सस्पेन्शन बहुतेक संशयातून सुटली. इंजिन, सायलेन्सर, बेल्ट यांच्याकडे वळा. ठरावीक रेसलाच पत्रा थरथरल्यासारखी झर्र ऐकू येत असेल, तर सायलेन्सरवरचं उष्णतारोधक पत्र्याचं आवरण सैल असू शकतं. गाडी पूर्ण थंड झाल्यावर हाताने ठोकून बघा. सकाळी पहिल्या स्टार्टला चीं चीं होत असेल तर बेल्ट. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. उलट, क्लच दाबल्यावर बंद होत असेल तर गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर. इंजिनाच्या वरच्या भागातून टिकटिक येत असेल तर सगळ्यात आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइलची पातळी बघा.

बॉनेट उघडून वाकताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आवरा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, कधी कधी इंजिन बंद असतानाही.

आता रिकाम्या रस्त्यावर. तुम्ही गाडी चालवा, ऐकायला कोणालातरी शेजारी बसवा. एसीचा पंखा, रेडिओ बंद. सपाट रस्त्यावर ५०-६० च्या वेगात क्षणभर न्यूट्रल करा. चावी बंद करायची नाही, कारण ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. इंजिनाची गती उतरली तरी घरघर तशीच राहिली, तर ती चाकांची आहे. टायर की बेअरिंग? रस्ता बदलून ऐका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर टायर गुणगुणतातच. डांबरावर उतरल्यावर सूर बदलला तर टायर. दोन्हीकडे घरघर सारखीच असेल तर, मागेपुढे कोणी नसताना, हलकं उजवीकडे वळवा. भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर डावीकडचं बेअरिंग बघा, डावीकडे वळताना वाढली तर उजवीकडचं. बेअरिंगचं काम ‘पुढच्या पगाराला’ म्हणून ढकलू नका.

वळणाची चाचणी मोकळ्या मैदानात. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरा. कट कट कट आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट. त्या जॉइंटवरचा, चाकामागचा रबरी बूट (आवरण) फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं, तर शंकाच नको. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगसारखा टंग आवाज आला तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगकडे बोट जातं.

खड्ड्यांचा आवाज सगळ्यात चकवतो. बारीक खडबडीत रस्त्यावर, कमी वेगात पुढून खुळखुळ म्हणजे बहुधा लिंक रॉड. मोठ्या खड्ड्यात एकच धडका म्हणजे लोअर आर्मचा (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश, बॉल जॉइंट किंवा शॉकअप. खुळखुळ चालू असताना ब्रेकवर पाय नुसता टेकवा. थांबली तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सैल आहेत. ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खर्र आली, चाक डगमगतंय असं वाटलं, किंवा इंजिनातून ठोके येऊन ऑइलचा दिवा लागला, तर चाचण्या पुरे. गाडी बाजूला घ्या.

गॅरेजला जाताना पार्टचं नाव सांगू नका. सांगितलंत की तोच बदलला जातो. ‘डावीकडून, तिसऱ्या गिअरमध्ये, बारीक खड्ड्यांवर खुळखुळ, ब्रेक लावला की बंद’ एवढं सांगा आणि मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच रस्त्यावरून न्या. मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवा, पण घरघर फोनमध्ये नीट उतरत नाही. आपल्याकडे करकर, कुरकुर, खडखड, खुळखुळ, घरघर असे वेगवेगळे शब्द आहेत. मिस्त्रीला ते बरोबर कळतात.

आमची खडखड मागच्या सीटवरून येत होती. मिस्त्रीचा पोरगा ऐकायला मागे बसला की ती बंद, उतरला की चालू. महिनाभर आम्ही त्यावर हसलो, मग डोक्यात प्रकाश पडला. पाठ टेकली की सीटच्या पाठीची खिट्टी घट्ट बसायची, सीट रिकामी असली की ती आपल्या लोखंडी कडीत नाचायची. कडीला इन्सुलेशन टेपचे चार वेढे दिले. उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन वेढे सरकतात, मग एप्रिलमध्ये नवे देतो.